फॅट उतरलं? आधी गव्हाणीत बघा

ऊसतोड सुरू झाली की दुधातल्या फॅटचे प्रश्न वाढतात. त्यातले काही, उत्तरांसह.

प्रश्न : संध्याकाळच्या दुधाला सकाळपेक्षा फॅट जास्त लागतं. डेअरीवाला फसवतो का? (कोरेगाव)

नाही. दोन धारांमधलं अंतर कमी असलं की दूध कमी आणि फॅट जास्त. सकाळ ते संध्याकाळ हे अंतर रात्रीपेक्षा कमी असतं.

प्रश्न : एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईचं फॅट ३.५ वरून २.८ वर आलं. मक्याचा भरडा वाढवला, तरी उतरतंच आहे. शेण पातळ आहे. दुकानदाराने फॅटची पावडर दिली, शेजारी गोडेतेल पाजायला सांगतात. (वाळवा)

भरडा वाढवला तिथेच घोळ झाला. दुधातल्या फॅटचा मोठा भाग कोठीपोटात (गाईच्या पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यात) चारा आंबून तयार होणाऱ्या ॲसिटिक आम्लापासून बनतो. पिठूळ खाद्य वाढलं की ते घटतं, पोटातली आम्लता वाढते, रवंथ मंदावते. पातळ शेण त्याचीच खूण. तेल अजिबात पाजू नका. कोठीपोटातल्या जंतूंना ते सोसत नाही, फॅट आणखी पडतं. ठसका लागून फुप्फुसात गेलं तर गाय हातची जाईल. पावडरच्या पुडीवर घटक छापलेत का? नसतील तर परत करा. बायपास फॅट (कोठीपोटात न विरघळता पुढे जाऊन पचणारं) असेल तर ते ताज्या व्यालेल्या, भरपूर दुधाच्या गाईला उपयोगी पडतं, पण बिघडलेलं पोट सुधारत नाही. दुकानदार हे सांगणार नाही, त्याला पुडी खपवायची आहे! भरडा कमी करा, राहील तो तीन-चार वेळा विभागून द्या. कडब्याची कुट्टी इंचभर ठेवा, भुगा नको. बसलेली गाय रवंथ करते का बघा. आणि पशुवैद्यकांना आजच बोलवा. ‘दोन दिवस बघू’ म्हणणाऱ्यांच्या गाई पुढे खुरांनी लंगडतात.

प्रश्न : वाढे (उसाचे हिरवे शेंडे) फुकट मिळतात, तेवढेच घातले तर? (पलूस)

पोट भरेल, पोषण होणार नाही. वाढ्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. जोडीला कडबा, लसूणघास हवा. खनिज मिश्रण किती द्यायचं ते गाय बघून डॉक्टरच ठरवतील.

प्रश्न : डोंगरात चरणाऱ्या गाईचं पिवळं तूप हृदयाला औषध असतं म्हणतात. (माण)

पिवळेपणा हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीनचा. म्हैस त्याचं ‘अ’ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं तूप पांढरं. ओल्या गवतावरच्या गाईच्या फॅटमध्ये ओमेगा-३ थोडं जास्त असतं, हे खरं. पण तूप ते तूपच. हृदयाचं दुखणं असेल तर किती खायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, तूप विकणाऱ्याला नको.

प्रश्न : मुरघासाला (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याला) बुरशी आली. वरचा थर काढून घालू का? (तासगाव)

नको. बुरशीचं विष आतपर्यंत गेलेलं असू शकतं, ते दुधात उतरतं आणि उकळूनही जात नाही. घातला असेल तर लगेच थांबवा आणि जनावर तपासून घ्या, गाभण असेल तर आजच.