डोळे पिवळे झाले म्हणून अटाझानावीर बंद करू नका

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मोठ्या भावाची एआरटीची (एचआयव्हीवरच्या उपचाराची) लाईन, म्हणजे औषधांचा संच, बदलून दीड महिना झाला, अटाझानावीर-रिटोनावीर सुरू झाली आणि आता डोळे पिवळे दिसतात. गाव म्हणतं कावीळ. शनिवारी कावीळ उतरवणाऱ्याकडे न्यायचं ठरलंय आणि तो म्हणतो, "पहिले इंग्रजी गोळ्या बंद करा." खरं कारण गावात सांगता येत नाही, मग "नाही" तरी कोणत्या तोंडानं म्हणायचं?

पहिले एवढं करा, गोळी चालू ठेवा. मी २०१३ पासून दुसऱ्या लाईनवर (पहिला संच चालेनासा झाल्यावर देतात ती) आहे, आणि हीच गोळी खातो. माझेही डोळे पिवळे झाले होते, अजूनही उपास घडला की जरा जास्त दिसतात. आमच्या मायनं तर कडुलिंबाचा पाला काढून ठेवला होता.

जुन्या लाल पेशी मोडल्या की बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. लिव्हरमधलं एक एन्झाइम त्याचं रूप बदलतं, मग ते पित्तावाटे बाहेर जातं. अटाझानावीर नेमकं त्या एन्झाइमला अडवतं. द्रव्य साचतं, डोळ्यांत दिसतं, पण लिव्हरला इजा झालेली नसते. एलएफटीच्या (लिव्हरच्या रक्ततपासणीच्या) रिपोर्टात इनडायरेक्ट, म्हणजे रूप न बदललेलं, बिलिरुबिन वाढलेलं आणि एसजीपीटी-एसजीओटी (लिव्हरला इजा झाली की वाढणारे आकडे) जागेवर असेल, तर बहुतेक हाच प्रकार. घरी पाहायची खूण म्हणजे लघवी. इनडायरेक्ट बिलिरुबिन लघवीत उतरत नाही. त्यामुळे लघवी कोऱ्या चहासारखी झाली, संडास पांढरट व्हायला लागली, उलट्या, ताप, अन्नावरची वासना उडाली, यातलं काही असेल तर गोष्ट वेगळी आहे. मग शनिवारची वाट नका पाहू, त्याच दिवशी एआरटी सेंटर गाठा. हेपटायटिस बी-सी एचआयव्हीसोबत असू शकतो, म्हणून तपासणी दोन्ही बाबतींत करायचीच. मी सांगितलं म्हणून टाळू नका.

आता अटाझानावीर ज्या गटातलं, ते प्रोटिएज इनहिबिटर म्हणजे काय हे विचारलंत. टेलरकडं कापडाचं ठाण असतं ना, तसा हा विषाणू आपल्या पेशीत बसून प्रोटीनची एक लांबच लांब पट्टी काढतो. ती पट्टी तशीच काही कामाची नसते. ठरलेल्या जागी कापली, तरच तुकडे जुळून नवा विषाणू पक्का होतो. कापणारी कात्री म्हणजे प्रोटिएज. दोन सारखी पाती, प्रत्येकात ९९ अमिनो आम्लं. गोळीतलं औषध त्या पात्यांच्या मधोमध जाऊन अडकतं. विषाणू बाहेर पडतो, पण कच्चा. दुसऱ्या पेशीला लागण करायची ताकद त्याच्यात नसते. या गटातली पहिली गोळी सॅक्विनावीर. तिला अमेरिकेत डिसेंबर १९९५ मध्ये मंजुरी मिळाली. आपल्याकडं सरकारी एआरटी फुकट सुरू झाली एप्रिल २००४ मध्ये, दुसरी लाईन त्याच्याही नंतर. मधल्या काळात कोणी काय विकलं ते विचारू नका.

(अशा कात्र्या अडवणारी औषधं दुसऱ्या आजारांतही आहेत. शुगरवाल्यांच्या नावात "ग्लिप्टिन" असलेल्या गोळ्या तशाच. आणि आपलं सोयाबीन! कच्च्या दाण्यात पचनाची कात्री अडवणारं द्रव्य असतं, म्हणून कोंबड्यांना कच्चं सोयाबीन मानवत नाही, उकडून-भाजून द्यावं लागतं.)

गोळीत १०० मिलिग्रॅम रिटोनावीर आहे, ते विषाणू मारायला नाही. लिव्हरमध्ये औषधं मोडणारं एक एन्झाइम असतं, ते अटाझानावीर भराभर संपवून टाकतं. रानडुकरं रात्रीत वावर साफ करतात तसं. रिटोनावीर म्हणजे जागलीवरचा माणूस. तो डुकरांना रोखतो, म्हणून औषध दिवसभर रक्तात टिकतं आणि एका गोळीत भागतं. पण भानगडही इथंच आहे. ज्या दुसऱ्या औषधांना तेच एन्झाइम मोडतं, ती मोडायची राहतात आणि अंगात साचतात. अर्धशिशीची एर्गोटामाइनची गोळी, कोलेस्टेरॉलची सिमव्हास्टॅटिन, दम्याच्या काही पंपांतलं स्टेरॉइड, ही त्यातली धोक्याची. टीबीचं रिफाम्पिसिन याच्या अगदी उलट करतं, कुंपण मोडून कळपच आत सोडल्यासारखं. म्हणून टीबी निघाला की डॉक्टर बहुतेक रिफाब्युटिन देतात. भावाला खोकला असेल तर ते आत्ताच सांगा.

माझी फजिती सांगतो, कारण ती आपल्या भागात कोणाचीही होईल. खर्रा आणि ठेचा, दोन्ही भरपूर. त्यात कापूस वेचणीच्या दिवसांत जेवण दुपारी तीनला. पित्त (ॲसिडिटी) वाढणार नाही तर काय! तालुक्याच्या मेडिकलमध्ये गेलो. तो म्हणे, "सकाळी उपाशीपोटी रोज एक घे, काई होत नाई." ओमेप्राझोलची कॅप्सूल होती. चार महिने घेतली. एआरटीची एक गोळी चुकवली नव्हती, तरी व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) हजाराच्या वर. समुपदेशक ताई माझ्याकडं अशा पाहायला लागल्या की जशा मी गोळ्या नाल्यात फेकतोय. मग डॉक्टरांनी पिशवीतलं सगळं टेबलावर ओतायला लावलं आणि कॅप्सूल सापडली. अटाझानावीर विरघळायला पोटात आम्ल लागतं. मी रोज तेच बंद करत होतो. कॅप्सूल थांबवली, पुढच्या तपासणीत लोड खाली आला. म्हणून ही गोळी जेवणासोबतच, आणि पित्ताचं कोणतंही औषध, अगदी पातळ अँटासिडसुद्धा, सेंटरला विचारल्याशिवाय नाही.

झाडपाल्याचंही मला हेच भय आहे. त्यात काय कुटलंय ते देणाराही सांगत नाही. आणि जागलीवरचा माणूस आत कोणाला अडवेल, याचा नेम नाही.

गावाला काय सांगायचं? "तपासलं, डॉक्टरची कावीळची गोळी चालू आहे, दुसरं चालत नाही म्हणे." खोटं वाटलं तरी चालेल. आपला आजार कोणाला सांगायचा हे ठरवायचा हक्क भावाचा आहे, २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं तो त्याला दिलाय. सेंटरवालेही बाहेर बोलू शकत नाहीत. पिवळेपणामुळं चारचौघांत जायची लाज वाटत असेल तर तसं सरळ बोला, डॉक्टर दुसरं औषध देऊ शकतात. आपल्या मनानं मात्र बदलू नका, सोडूही नका. गाडीभाडं नसेल तर आधी १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन करा, फुकट आहे.

एलएफटी झाली की टोटल, इनडायरेक्ट आणि एसजीपीटी, तीनही आकडे इथं लिहा. आणि भाऊ पित्ताचं काही घेतो का, ते आज रात्रीच विचारून ठेवा.