पैठणीचे फोटो एडिट करून सेव्ह केले की काठावरचे मोर मळकट दिसतात. कोणत्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करू?

तुम्ही पैठणच्या दुकानातल्या साड्यांचे रंग फोटोशॉपमध्ये दुरुस्त करता, जेपीईजीत सेव्ह करता आणि गिऱ्हाइकानं बदल सांगितला की तीच फाइल पुन्हा उघडता. गोम इथंच आहे.

जेपीईजी दर सेव्हला चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून त्यातला बारीक तपशील गाळतो. शिवाय बऱ्याचदा रंगाची माहिती उभी-आडवी निम्मी करून ठेवतो, उजेड-सावली तेवढी पूर्ण राखतो. चेहऱ्याच्या किंवा शेताच्या फोटोत हे कळतही नाही. पैठणीच्या काठावर मात्र सोनेरी जरीला लागूनच लाल-हिरवं रेशीम असतं, रंग धाग्याधाग्याला बदलतो. म्हणून लाल रंग जरीवर ओघळल्यासारखा दिसतो. (नुसती फाइल उघडून पाहिल्यानं काही बिघडत नाही, बरं का. बिघडतं ते पुन्हा सेव्ह केल्यावर.)

कामाची मूळ फाइल लेयरसकट (म्हणजे एडिटचे वेगवेगळे थर राखून) पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये, किंवा टिफमध्ये ठेवा, तिथं सेव्ह करताना तपशील गळत नाही. बदल तिच्यातच करायचे आणि गिऱ्हाइकासाठी दर वेळी तिच्यातून नवीन जेपीईजी काढायची. कॅमेऱ्यात रॉ (कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची फाइल) काढत असाल तर ती उघडताना १६ बिट निवडा, त्यात रंगाच्या छटा ८ बिटपेक्षा बारीक राहतात. २४ मेगापिक्सेलचा एकाच लेयरचा १६ बिट टिफ कॉम्प्रेशनशिवाय (फाइल दाबून लहान न करता) साधारण १४४ एमबी होतो, ८ बिटचा ७२. कॉम्प्रेशन झिप घ्या. १६ बिटला एलझेडडब्ल्यू (टिफमधलं दुसरं कॉम्प्रेशन) लावलं तर फाइल कधीकधी उलट फुगते. छपाईवाल्याकडं झिपवाली टिफ उघडली नाही, तर त्याला ८ बिट एलझेडडब्ल्यू द्या.

पीएनजीतही तपशील गळत नाही, पण छपाईच्या चार शाईंचं सीएमवायके त्यात बसत नाही आणि फोटोशॉपचे लेयरही राहत नाहीत.

जुन्या जेपीईजी टिफमध्ये बदलल्या तरी जरीचा गेलेला तपशील परत येणार नाही, पुढचं नुकसान तेवढं थांबेल.

जेपीईजी काढताना आधी कन्व्हर्ट टू प्रोफाइलमधून एसआरजीबी (स्क्रीनसाठीची नेहमीची रंगव्यवस्था) करा, नाहीतर अ‍ॅडोब आरजीबी या जास्त रंगांच्या व्यवस्थेतला राणी रंग कित्येक मोबाइलवर फिका पडतो. क्वालिटी १२ पैकी १० पुरे. फोटोशॉपऐवजी गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल तर एक्सपोर्टच्या वेळी सबसॅम्पलिंगला ४:४:४ (रंगाची माहिती निम्मी न करता) निवडा, क्वालिटी ९० च्या वर. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेला की तिथं तो पुन्हा दाबला जातो.