१९२९ च्या फोर्ड मॉडेल ए वर स्पीडस्टर करतोय. इंजिन आणि मागची लाइन (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंतचा भाग) मजबूत कशी करावी?

तुमच्याकडे चासी आहे, मूळ इंजिन आहे, वरची बॉडी उतरवून दोन सीटची उघडी स्पीडस्टर करायची आहे आणि ती घाटात नेण्याइतकी दणकट हवी आहे. हेड, कॅमशाफ्ट, कार्बोरेटर यातलं आधी काय घ्यावं, की सरळ आजचं एखादं इंजिन बसवावं, असं तुम्ही विचारलंय.

यातलं काहीच आधी घेऊ नका. आधी मागची दोन्ही चाकं काढा, हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) काढा आणि एक्सल शाफ्टचा टेपर, म्हणजे हब ज्यावर घट्ट बसतं ते निमुळतं टोक, बघा. हे मी इतक्या ठामपणे का सांगतोय, ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

१९९७ ची गोष्ट. आमचं गॅरेज नाशिकला सारडा सर्कलजवळ होतं. वडील, दादा आणि मी. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष बागायतदारांकडे १९३० ची मॉडेल ए होती, शेडमध्ये क्रेटच्या ढिगाखाली दबलेली. त्यांना तिची स्पीडस्टर करून हवी होती. वडिलांनी कामाची वाटणी केली: इंजिन माझं, मागचा एक्सल आणि ब्रेक दादाचे.

इंजिनवर मी चार महिने घालवले. व्हाइट मेटलची (मऊ मिश्रधातूची) बेअरिंग ओतून देणारे एक म्हातारे मिस्त्री तेव्हा देवळालीत होते, त्यांच्याकडे इंजिनचे कनेक्टिंग रॉड घेऊन जायचो. रॉडचं मोठं तोंड तापवायचं, नवसागर मारायचा आणि तांब्याच्या पातेल्याला करतात तशी कापसाच्या बोळ्याने कल्हई फिरवायची. भांड्यातल्या वितळलेल्या धातूत कोरडी काडी बुडवायची. ती तपकिरी होऊन निघाली की ओतायचं, पेटली तर थांबायचं. गार झाल्यावर हातोडीने हलकीशी टिचकी. खणखणीत वाजलं तर धातूने धरलंय, बद्द वाजलं तर सगळं वितळवून पुन्हा पहिल्यापासून. एक रॉड त्यांनी तीनदा ओतला. ब्लॉकच्या ओतीव लोखंडावर कल्हई नीट धरत नाही, म्हणून तिथे धातू ओतल्यावर ठोकून बसवावा लागतो, हेही मी त्यांच्याकडेच शिकलो. मग लाइन बोअरिंग (मेन बेअरिंग एका रेषेत कापणं), बेअरिंगमध्ये दीड थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जागा, आणि शेवटी कॉम्प्रेशन ४.२२ वरून साडेपाचपर्यंत नेणारं हेड.

ट्रायलला आम्ही गाडी वणीमार्गे सप्तशृंगी गडाकडे काढली. शेजारी मालकांचा सोळा वर्षांचा मुलगा होता. नांदुरीला चहा घेऊन घाट सुरू केला. एका वळणावर समोरून एसटी आली म्हणून थांबलो. पहिला गिअर टाकून क्लच सोडला आणि मागून एकच 'टक्' असा आवाज आला. इंजिन सुरळीत फिरतंय, गाडी जागची हलत नाही, आणि मग ती हळूहळू मागे सरकायला लागली. मॉडेल ए ला चारही चाकांना रॉडचे ब्रेक असतात आणि मागचे ड्रम हबवरच असतात, म्हणून ब्रेक लागले. पोराने उडी मारून चाकामागे दगड लावला. त्याचे हात थरथरत होते, माझेही.

तिथेच डाव्या चाकाचा नट काढला. पुलर लावायची गरजच पडली नाही, हब हाताने ओढल्याबरोबर बाहेर आलं. टेपरवर गंजासारखी तांबूस भुकटी होती. आतला सगळा भाग मळकट आणि बाहेरच्या कडेला बोटभर पट्टा तेवढा चकाकत होता, म्हणजे हब फक्त तेवढ्याच पट्ट्यावर टेकत होतं. चावी, म्हणजे हब आणि शाफ्टच्या खाचेत बसणारी लोखंडी पट्टी, उभी कापलेली, कापलेली बाजू आरशासारखी गुळगुळीत. ते दोन तुकडे अजून माझ्या टूलबॉक्समध्ये आहेत.

दादाचं म्हणणं एकच: "तू हेड बदललंस, ताकद वाढवलीस, म्हणून चावी गेली. मी तर नवी कोरी चावी टाकली होती." वडिलांनी त्याचं ऐकलं. डाव्या शाफ्टचा टेपर खराब झाला होता, आणि मॉडेल ए च्या शाफ्टला डिफरन्शियलचा गिअर अंगचाच असतो, म्हणजे शाफ्ट बदलायचा तर अख्खं हाउसिंग उघडावं लागतं. तो सगळा खर्च माझ्या वाट्यातून वळता झाला. दादा आजही तेच म्हणतो.

आता हिशेब करा. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.१२, मागच्या एक्सलमधल्या क्राऊन-पिनियन गिअरचं ३.७८. गुणाकार जवळपास १२. इंजिनचा पीळ मागच्या एक्सलपर्यंत बारा पट होऊन पोचतो, आणि तो कारखान्यातून निघालेल्या मूळ गाडीतही तसाच पोचत होता. माझ्या हेडने त्यात साधारण १० ते १५ टक्के भर घातली असेल. एवढ्या भराने नीट बसलेलं हब सुटत नाही. कारण तो पीळ चावीने पेलायचाच नसतो, टेपरच्या घट्ट पकडीने पेलायचा असतो. चावी हब जागेवर बसवण्यापुरती. जिथे चावीला काम करावं लागतं तिथे टेपर आधीच हरलेला असतो, मग चावी नवी असो की जुनी. हब हाताने निघालं, याहून वेगळा पुरावा काय हवा?

म्हणून तुम्ही काय करा: टेपर आणि हबची आतली बाजू पेट्रोलने धुऊन कोरडी करा. टेपरवर मार्किंग ब्ल्यूचा (कुठे टेकतं ते दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा) पातळ हात द्या, चावी न लावता हब दाबून किंचित फिरवा आणि काढून बघा. निळा रंग पाऊण भागावर तरी सारखा उमटला पाहिजे. नसेल तर व्हॉल्व्ह ग्राइंडिंगची बारीक पेस्ट लावून हब टेपरवर घासत बसा, मागे-पुढे, मध्येमध्ये उचलून जागा बदलून. एका चाकाला अख्खी दुपार जाते, जाऊ द्या. मग पेस्टचा कणही राहता कामा नये, आणि बसवताना ग्रीस किंवा तेल अजिबात नाही. टेपर कोरडाच बसतो. नट टॉर्क पान्याने किमान १०० फूट-पाउंड. कॉटर पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे घट्ट करून जुळवा, मागे ढिला करून नाही. पन्नास किलोमीटर चालवून पुन्हा टॉर्क बघा. हा पुन्हा बघायचा भाग आमच्या गाडीवर झालाच नव्हता. हब झिजून शाफ्टवर फार आत सरकत असेल तर पातळ शिम (पत्र्याचा तुकडा) घालून भागवतात, पण तुमच्या स्पीडस्टरला शिम नको, हब बदला. या एक्सलमध्ये चाक शाफ्टच्या नटाने धरलेलं असतं. शाफ्ट तुटला तर चाक निघून जाऊ शकतं, म्हणून दोन्ही शाफ्टची क्रॅक टेस्टही करून घ्या.

इंजिनकडे येतो. आजचं इंजिन बसवू नका. मूळ इंजिन ३.३ लिटरचं, २२०० आरपीएमला ४० अश्वशक्तीचं. हलक्या स्पीडस्टरला ती भरपूर होते. त्याचा कमकुवतपणा ताकदीत नाही, क्रँकमध्ये (पिस्टन ज्याला फिरवतात त्या शाफ्टमध्ये) आहे. क्रँक तीनच बेअरिंगवर, बारीक, आणि मूळच्याला काउंटरवेट (तोल साधणारी वजनं) नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे थ्रो (क्रँकचे रॉड धरणारे वाकलेले भाग) मधल्या बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना आणि एकाच दिशेला असतात, त्यामुळे वेग वाढला की दोघं मिळून मधल्या बेअरिंगला झोडपतात. हा मार आरपीएमच्या वर्गाने वाढतो: २२०० वरून ३००० वर गेलात की जवळपास दुप्पट. कॅमशाफ्ट आणि दोन कार्बोरेटर घालून इंजिनला वर पळायला शिकवायचं आणि क्रँक तसाच ठेवायचा, यात मला काही अर्थ दिसत नाही. पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर काउंटरवेट असलेल्या क्रँकवर घाला आणि रॉड, पिस्टन, फ्लायव्हील, क्लच सगळं एकत्र डायनॅमिक बॅलन्सिंगला द्या. मी नाशिकच्या अंबडला करून घेतो.

फ्लायव्हील मूळचं सुमारे २८ किलोचं आहे. लेथवर १० किलो उतरवा, त्याहून जास्त नको, नाहीतर घाटात गाडी उचलताना इंजिन बंद पडतं. हलक्या फ्लायव्हीलने मागच्या मेन बेअरिंगवरचा भार उतरतो आणि सिंक्रो (गिअरचा वेग जुळवणारी रचना) नसलेल्या त्या तीन गिअरच्या बॉक्समध्ये गिअरही लवकर पडतात.

व्हाइट मेटल की शेल बेअरिंग (तयार मिळणाऱ्या पातळ वाट्या), यावर लोक तावातावाने भांडतात. चांगलं ओतलेलं व्हाइट मेटल रविवारी चालणाऱ्या गाडीला पुरतं. मूळ रचनेत पंपाचं तेल व्हॉल्व्ह चेंबरमध्ये जातं, तिथून आपोआप मेन बेअरिंगवर उतरतं आणि रॉड खालच्या ट्रेमधून आपलं तेल स्वतः उचलतात. शेल टाकायचेच असतील तर क्रँकला भोकं पाडून प्रेशरने तेल द्या. अर्धवट करू नका. मात्र ओतणारा हात चांगला मिळत नसेल तर माझं हे मत बाजूला ठेवा आणि शेलच टाका. ते देवळालीचे मिस्त्री आता नाहीत, आणि तसं काम करणारा मला नाशिकमध्ये दुसरा भेटलेला नाही.

हेड साडेपाचचं चालेल, पण शेवटी. आधी ब्लॉकला व्हॉल्व्ह सीट आणि सिलिंडरच्या मध्ये तडा आहे का बघा, या इंजिनांना तिथेच जातो. आजच्या पेट्रोलचा ऑक्टेन या इंजिनाला गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे, त्यामुळे नॉकिंगची काळजी नको. पण वीस टक्के इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं, जेट थोडा मोठा करावा लागतो आणि जुने रबरी पाइप बदलावे लागतात.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा बदल नको. दुसरं इंजिन टाकलंत तर तो रस्ता बंद झाला असंच समजा. स्पीडस्टरच्या बॉडीवरही प्रश्न येऊ शकतो, म्हणून मूळ बॉडीचा एकही पत्रा भंगारात देऊ नका आणि कापाकापीआधी आरटीओत विचारून घ्या.

आणि हब काढलंत की लगेच पुसू नका. टेपरचा एक फोटो आहे तसा काढा, दुसरा ब्ल्यू लावून काढा, दोन्ही बाजूंचे. इथे टाका, मी बघून सांगतो.