वाचकांचे प्रश्न : मॉरिशसची वीज, ऊस आणि करार

प्रश्न : सहवीजनिर्मितीच्या (साखर कारखान्यात साखरेसोबत वीजही करण्याच्या) बैठकीत मॉरिशसचं नाव हटकून निघतं. तिथं खरंच बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) देश चालतो का? (सांगलीचे एक वाचक)

नाही, आणि आकडेमोड अवघड नाही. एक टन ऊस गाळला की साधारण 300 किलो बगॅस निघते. मॉरिशसच्या बेल व्हू किंवा सवाना इथल्या वीज केंद्रांसारखा 82 बार इतक्या जास्त वाफेच्या दाबाचा बॉयलर असेल, तर त्यातून कारखान्याची गरज भागून टनामागे 100 ते 120 युनिट वीज ग्रिडला जाते. देशात अलीकडे वर्षाला 20 ते 25 लाख टन ऊस होतो. सगळा ऊस अशाच बॉयलरवर गेला असं धरलं तरी हाती लागतात 20 ते 30 कोटी युनिट. देशाची गरज 300 कोटींच्या पुढे आहे, म्हणजे दहावा हिस्साही नाही. एके काळी तिथं 50-60 लाख टन ऊस व्हायचा. 2006 नंतर युरोपने साखरेचा हमीदर टप्प्याटप्प्याने 36 टक्के उतरवला आणि लहान शेतकऱ्यांनी रानं पडीक टाकायला सुरुवात केली. ऊस घटला की बगॅस घटणारच.

मग तीच केंद्रं वर्षभर चालतात कशावर? दगडी कोळशावर, जो मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतून येतो. गाळप जून ते डिसेंबर. त्यानंतर त्याच भट्टीत कोळसा पडतो. बैठकीतल्या भाषणात हा भाग सहसा वगळतात.

तरी घेण्यासारखं एक आहेच. वीसच्या आसपास असलेले छोटे कारखाने सरकारी धोरणाने एकत्र आणून आता तीनच ठेवले आहेत. इतका ऊस एका जागी आला तरच 82 बारचा बॉयलर परवडतो. आणि तुमच्याकडेही लागू पडणारी गोष्ट म्हणजे बगॅसचा ओलावा. पन्नास टक्क्यांच्या आसपास तो एक टक्का वाढला की उष्मांक पावणेतीन टक्क्यांनी उतरतो. रस पिळणाऱ्या शेवटच्या मिलची सेटिंग बिघडली, पाणी जास्त मारलं किंवा बगॅस उघड्यावर भिजली, तर टर्बाइनला दोष देत बसू नका.

प्रश्न : ऊन भरपूर, मग सरळ सौर ऊर्जाच का नाही? (पुणे)

कारण शेजारी कोणी नाही. महाराष्ट्रात एखादा वीजनिर्मिती संच बंद पडला तर देशभरातला ग्रिड तो धक्का वाटून घेतो. मॉरिशसची मागणी 500 मेगावॅटच्या घरात. त्यात 35 मेगावॅटचा एक संच बंद पडला की सात टक्के पुरवठा एका क्षणात गेला. विजेची वारंवारता 50 हर्ट्झवरून घसरू लागते आणि फार खाली गेली तर फीडर (भागाभागाला वीज नेणाऱ्या वाहिन्या) आपोआप तुटतात. म्हणून चालू संचांची थोडी क्षमता कायम मोकळी ठेवावी लागते. बॅटऱ्याही बसवल्या आहेत. पहिल्या टप्प्यांत मिळून 18 मेगावॅटच्या, म्हणजे तशा एका संचाच्या जेमतेम निम्म्या. त्यांचं काम पहिली काही मिनिटं सावरण्याचं, रात्र काढण्याचं नव्हे.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. तिथला उन्हाळा डिसेंबर ते मार्च, एसी तेव्हाच चालतात. गाळप तोवर संपलेलं असतं आणि संध्याकाळी सातला ऊनही नसतं. ती फट भरतो कोळसा आणि जड इंधन तेल.

प्रश्न : सत्ता बदलते, तरी कोळसा का सुटत नाही? (ठाणे)

सत्ता तर तिथं घाऊक बदलते! 1982, 1995 आणि 2024 या तिन्ही निवडणुकांत विरोधकांनी मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा घेतल्या. जगन्नाथ आणि रामगुलाम या दोन घराण्यांत पंतप्रधानपद बहुतेक काळ फिरत राहिलं (मधली दोन वर्षं पॉल बेरांजे). पण खासगी वीज केंद्रांशी सेंट्रल इलेक्ट्रिसिटी बोर्डाचे (तिथल्या सरकारी वीज मंडळाचे) करार होतात ते 15-20 वर्षांचे. सरकार पाच वर्षांचं, करार वीस वर्षांचा.

अशा करारात दोन भाग असतात. संच तयार ठेवल्याबद्दल ठरावीक आकार आणि घेतलेल्या युनिटचा वेगळा दर. दुसरा भाग कोळशाच्या भावाला आणि डॉलरला बांधलेला. वीज कमी घेतली तरी पहिला भाग चुकत नाही. करार मोडावा तर भरपाई, आणि जागी दुसरा संच तयार नसेल तर अंधार. त्यामुळे मुदत संपत आली की वाटाघाटीत बोर्डाची बाजू लंगडी पडते. खरी वेळ असते मुदतीच्या चार-पाच वर्षं आधी. तेव्हा पर्यायी क्षमतेची निविदा काढली नाही तर नंतर मुदतवाढ देण्यावाचून गत्यंतर नाही.

नेत्यांनी काहीच केलं नाही असंही नाही. आल्बियाँजवळ 110 मेगावॅटच्या कोळसा केंद्राचा घाट घातला होता. 2013 मध्ये त्याविरोधात उपोषण झालं, सरकारला ऊर्जा आयोग नेमावा लागला आणि 2014 च्या शेवटी सत्ता बदलल्यावर तो प्रकल्प बारगळला. उलट, सेंट लुई वीज केंद्राच्या तेलावरच्या संचांचं कंत्राट आफ्रिकन विकास बँकेच्या चौकशीत अडकलं. जून 2020 मध्ये उपपंतप्रधान आणि ऊर्जामंत्री इव्हान कोलेनदाव्हेलू यांना पद गमवावं लागलं. त्यांनी आरोप नाकारले होते. नवा कोळसा रोखता येतो. चालू कोळसा थांबवणं वेगळं काम आहे. 2021 मध्ये प्रविंद जगन्नाथ सरकारने 2030 पर्यंत 60 टक्के नवीकरणीय आणि कोळसा शून्य असं जाहीर केलं. 2023 मध्ये नवीकरणीय वाटा पाचव्या हिश्शाहूनही कमी होता.

त्याच सरकारने शेतकऱ्याला बगॅसपोटी साखरेच्या टनामागे 3300 मॉरिशियन रुपये ठरवून दिले. आमच्या मते हा निर्णय घोषणेपेक्षा वजनदार होता. बगॅस कारखान्याची की उसवाल्याची, हा वाद तिथं जुना, आणि ऊस टिकला तरच ती वीज टिकणार.

प्रश्न : भारताच्या मदतीने होणाऱ्या सौर प्रकल्पांचा किती उपयोग? (नागपूर)

आँरिएता इथला 8 मेगावॅटचा प्रकल्प, ज्याची पायाभरणी जानेवारी 2022 मध्ये झाली, वर्षाला साधारण 1.4 कोटी युनिट देईल असा अंदाज होता. एकूण गरजेच्या अर्धा टक्का. टॅमरिंड फॉल्सच्या जलाशयावर 17.5 मेगावॅटचा तरंगता प्रकल्प ठरला आहे. जागेची चणचण असलेल्या बेटावर तरंगत्या पॅनेलला अर्थ आहे. फक्त बातमीत 17.5 हा आकडा वाचताना ती दुपारची क्षमता समजावी. जानेवारीतल्या संध्याकाळी सातला, सोबत बॅटरी नसेल तर, त्यातून शून्य मेगावॅट मिळतात.