हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाच्या उपग्रह फोटोत मधोमध तीन मोठे गोल खड्डे दिसतात, ती ज्वालामुखीची तोंडं आहेत का?

नाही. याच प्रश्नावर माझे एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला मार्क गेलेत, म्हणून लिहितेय.

व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी नेमकी याच बेटाची इमेज पुढे ठेवली आणि विचारलं हे तीन काय. मी म्हणाले सर, मफात, सालाझी आणि सिलाओस, पण ही क्रेटर, म्हणजे ज्वालामुखीची तोंडं, नाहीत, पितों दे नेज हा ३०७० मीटरचा जुना ज्वालामुखी हजारो वर्षांपूर्वी शांत झाला आणि पावसाने, दरडींनी त्याला तीन बाजूंनी पोखरून ही खोरी झालीत. सर म्हणाले, "अगं गोल खड्डा दिसतोय ना, मग क्रेटरच. पुढे बोल." मी पेन्सिल टेकवून दाखवलं की तीन खड्ड्यांतून तीन नद्या कडा चिरून समुद्राकडे गेल्यात, सगळे ओढे त्यांनाच मिळतायत, हे पाण्याचं काम आहे. त्यांनी इमेज उचलून बाजूला ठेवली!

अहो १९६६ च्या जानेवारीत याच बेटावर २४ तासांत १८२५ मिलिमीटर पाऊस पडलाय, जगातला विक्रम आहे तो. सह्याद्रीतल्या दऱ्या बघत वाढलेल्या माणसाला पाऊस बसाल्टचं काय करतो हे सांगावं लागू नये. आणि आपला हा काळा कातळ ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या हॉटस्पॉटवर, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तप्त खडक वर येतो त्या जागेवर, ओतला गेला, आज त्याच्यावरच रियुनियन बसलंय असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात.

खरं तोंड बघायचं तर बेटाच्या आग्नेयेला जा, पितों द ला फुर्नेझ हा जागृत ज्वालामुखी तिथे आहे. पूर्वेला समुद्राकडे उघडा असलेला घोड्याच्या नालेच्या आकाराचा मोठा कडा दिसेल, आत काळे ओघळ पार किनाऱ्यापर्यंत गेलेले, आणि मधल्या सुळक्यावर दोलोमिय क्रेटर, ज्याचा तळ एप्रिल २००७ च्या उद्रेकात ३०० मीटरहून जास्त खाली खचला. ताजा लाव्हा काळा दिसतो, जुन्यावर हिरवं चढत जातं. गोल दिसलं की क्रेटर म्हणून मोकळं होऊ नका, आधी पाणी कुठून बाहेर पडतंय ते शोधा.

आता फुटक्या कडेचं क्रेटरही असतं, त्यामुळे नुसत्या नदीवरून निकाल लावू नका, आणि या खोऱ्यांच्या सुरुवातीला जमीन खचण्याचाही हात असावा असं काही अभ्यासक म्हणतात, ते मला मान्य आहे. पण सर क्रेटरच म्हणत होते. त्या संध्याकाळी मी त्याच बेटाचा प्रिंट काढून तिन्ही नद्या निळ्या पेनाने गिरवल्या, तो अजून माझ्याकडे आहे, सर कधी भेटलेच तर त्यांच्यापुढे ठेवणार आहे.