सातबाऱ्यावर तिचं नाव

प्रश्न : पेरणी, खुरपणी, वेचणी सगळं मी करते, जमीन मात्र यांच्या एकट्याच्या नावावर. यांना माझंही नाव लावायचंय. बक्षीसपत्र करावं लागेल का?
– एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : नाही. बायकोच्या नावे जमीन करण्याच्या शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेनंतर 1992 मध्ये शासनाने परिपत्रक काढलं. त्यानुसार नवरा राजीखुशीने पत्नीला सहधारक करू शकतो. अर्ज मात्र त्यानेच करायचा. बायकोच्या अर्जावर हे होत नाही. चालू सातबारा, आठ-अ (खातेउतारा) आणि दोघांची ओळखपत्रं जोडून अर्ज तलाठ्याकडे द्या (आता पद ‘ग्राम महसूल अधिकारी’, पण गावात तलाठीच म्हणतात) आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज हरवतो, हे कुणालाही विचारा. पुढे फेरफार (हक्कातल्या बदलाची) नोंद, नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी.

नवा सातबारा हातात आला की आधी रकाना पाहा. नाव भोगवटादार (जमीन धारण करणारा) म्हणून हवं. ते ‘इतर हक्क’ मध्ये टाकलं असेल तर लगेच दुरुस्तीचा अर्ज द्या. भोगवटादार असाल तर तुमच्या सहीशिवाय तुमचा हिस्सा विकता येत नाही. पीएम किसानचा तुमच्या नावाने वेगळा हप्ता मात्र धरू नका. तिथे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं मिळून एकच कुटुंब.

प्रश्न : वडील 2003 मध्ये वारले. भाऊ म्हणतात, मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क देणारा 2005 चा कायदा तुला लागूच नाही. खरं का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : चूक. मुलीचा वडिलोपार्जित जमिनीतला हक्क जन्माने येतो, त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटणी झाली असेल तर ती मोडत नाही. तोंडी वाटणीचा दावा सहसा टिकत नाही.

वारस नोंदीतून तुमचं नाव गाळलं असेल तर आधी त्या फेरफाराची नक्कल काढा. वारसांत आई, भाऊ, बहिणी सगळ्यांची नावं आहेत का, ते तपासा. नोंद मंजूर झालेली असेल तर प्रांताधिकाऱ्याकडे (उपविभागीय अधिकारी) अपील करायचं. मुदत 60 दिवसांची, उशीर झाला असल्यास विलंबमाफीचा अर्ज सोबत. नुसतं नाव गळल्याने हक्क जात नाही, कारण सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. हक्क जातो तो नोंदणीकृत हक्कसोडपत्राने. म्हणून ‘बँकेच्या कामाला सही हवी’ म्हणून भावाने दुय्यम निबंधकाकडे (दस्त नोंदणी कार्यालयात) बोलावलं, तर दस्त पूर्ण वाचल्याशिवाय अंगठाही देऊ नका. बँकेचं काम बँकेत होतं.