बिलिंगच्या ॲपला एसएमएस कशाला वाचायचेत?

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. घरगुती मसाल्यांच्या धंद्यासाठी घेतलेलं मोफत बिलिंग ॲप कॉन्टॅक्ट, लोकेशन आणि एसएमएस अशा तिन्ही परवानग्या मागतंय, त्या द्यायच्या का? आणि दुसरं म्हणजे ते अठरा पानी लायसन्स ॲग्रीमेंट आणि प्रायव्हसी पॉलिसी खरंच कुणी वाचतं का, वाचायचं तर काय बघायचं?

आधी दुसऱ्याचं सांगतो. जवळजवळ कुणीच वाचत नाही. २००५ मध्ये पीसी पिटस्टॉप नावाच्या अमेरिकन कंपनीने आपल्या करारात मुद्दाम एक कलम घुसडलं होतं, की इथवर वाचलंत तर या पत्त्यावर मेल करा, बक्षीस मिळू शकेल. चार महिने गेले, ३,००० च्या वर लोकांनी सॉफ्टवेअर डाउनलोड केलं, तेव्हा कुठे एकाचा मेल आला. त्याला १,००० डॉलर मिळाले. मीसुद्धा लोकांच्या ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळण्याचंच काम करतो आणि पहिली सहा-सात वर्षं डोळे मिटून नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश करत होतो.

मग एका सीएंच्या ऑफिसात फजिती झाली. तिथल्या पाचही मशीनवर मी एक मोफत रिमोट ॲक्सेसचं सॉफ्टवेअर टाकून ठेवलं होतं, म्हणजे घरबसल्या दुरुस्ती करता यावी. जुलैचा शेवटचा आठवडा, रिटर्न भरायची झुंबड, आणि नेमका प्रिंटर रुसला. घरून कनेक्ट केलं तर पाच मिनिटांत सेशन बंद. स्क्रीनवर मेसेज: व्यावसायिक वापराचा संशय आहे, लायसन्स विकत घ्या. पुन्हा जोडलं, पुन्हा तेच. शेवटी भर पावसात स्कूटर काढली. रात्री घरी येऊन करार उघडला, तर दुसऱ्याच परिच्छेदात स्वच्छ लिहिलेलं, फक्त वैयक्तिक वापरासाठी मोफत. त्या कंपनीला काय बोलणार? फुकट ते पौष्टिक म्हणणारा मीच होतो.

तेव्हापासून अख्खा करार वाचायच्या भानगडीत पडत नाही, पण त्यात शोधाशोध करतो. इन्स्टॉल करताना जी चिमुकली चौकट येते तिच्यात जेमतेम सहा ओळी दिसतात. तिच्यात क्लिक करून सगळं कॉपी करायचं, नोटपॅडमध्ये टाकायचं आणि कंट्रोल एफ. मोबाईलवर पॉलिसीची लिंक क्रोममध्ये उघडा, तीन टिंबांच्या मेनूत 'फाइंड इन पेज' आहे. शब्द अर्थात इंग्रजी स्पेलिंगने टाकायचे. पहिला 'कमर्शियल', कारण तुमचा धंदा आहे, घरातून चालत असला तरी. मग 'ट्रायल' आणि 'रिन्यू', म्हणजे मोफत कधी संपतं आणि पैसे आपोआप कापले जातात का ते कळतं. मग 'डिलीट' आणि 'रिटेन', खातं बंद केल्यावर तुमची माहिती किती दिवस ठेवणार ते.

जास्त वेळ द्यायचा तो 'थर्ड पार्टी' (बाहेरची तिसरीच कंपनी) आणि 'ॲफिलिएट' (त्यांच्याशी जोडलेली कंपनी) या शब्दांपाशी. तिथे बहुतेक वेळा 'वी मे शेअर', म्हणजे 'आम्ही माहिती देऊ शकतो', असं मोघम लिहिलेलं असतं. त्या 'मे'चा अर्थ मी 'करतोच' असा धरतो. 'आम्ही फक्त एकत्रित, ओळख काढून टाकलेली माहिती देतो' या वाक्यानेही लगेच निर्धास्त होऊ नका. अव्हास्ट हे अँटिव्हायरस आपल्याकडेही घरोघरी होतं. लोकांनी कुठल्या वेबसाइट पाहिल्या ही माहिती त्यांच्या जम्पशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत विकली गेली, तीही व्यक्ती ओळखता येईल इतक्या बारकाव्यांसह, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटलं. राखणीला ठेवलेल्यावरच ही तक्रार!

हल्ली करार एआयला देऊन सारांश मागायची सोय झालीय. मीही मागतो, पण सोबत 'कुठल्या कलमात आहे ते सांग' म्हणतो आणि ती ओळ मूळ करारात जाऊन बघतो.

आता तुमचं ॲप. मी प्रत्येक परवानगीला एकच प्रश्न विचारतो: हिच्याशिवाय बिल बनतं का? लोकेशनशिवाय बनतं. कॉन्टॅक्टशिवायही बनतं, नंबर हाताने टाकायचा एवढंच. शिवाय तुमच्या फोनमधल्या तीन-चारशे नंबरांपैकी एकही तुमचा स्वतःचा नाही. ते ज्यांचे आहेत त्यांना कुणी विचारलंय? आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात नेमकं असंच उदाहरण दिलेलं आहे. डॉक्टरी सल्ल्याचं ॲप एका बाईकडे उपचारासाठी लागणारी माहिती आणि कॉन्टॅक्ट यादी, दोन्हींची संमती मागतं आणि ती दोन्हींना हो म्हणते. पण सल्ल्यासाठी यादीची गरजच नाही, म्हणून तिची संमती पहिल्यापुरतीच धरली जाईल. संमती मागणारी नोटीस मराठीतून वाचायचा पर्यायही या कायद्याने द्यायला सांगितलाय. मात्र नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि या कलमांसाठी कंपन्यांना अठरा महिने मिळालेत. तोवर आपलं बोट आपणच आवरायचं.

एसएमएसची गोष्ट वेगळी. ॲपमध्ये कुठे 'त्वरित कर्ज' असं बटण आहे का, बघा. असेल तर मेसेज कशाला हवेत याचा अंदाज येतो: बँकेचे जमा-खर्चाचे मेसेज वाचले की तुमची महिन्याची उलाढाल समजते. कर्जाच्या ॲपनी फोनमधली कॉन्टॅक्ट यादी, कॉल लॉग, फोटो-फाइल्स यांना हात लावायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावलंय. तुम्ही एसएमएसलाही सरळ 'डोन्ट अलाउ' करा. तिन्ही नाकारून ॲप चालतंय का बघा, बऱ्याचदा काही कुरकुर न करता चालतं. चालत नसेल तर काढून टाका, बिलिंगची ॲप पैशाला पासरी आहेत. प्ले स्टोअरवर 'डेटा सेफ्टी' म्हणून जे दिसतं ते ॲपवाल्याने स्वतःच भरलेलं असतं, एवढं लक्षात ठेवून ते वाचा.

आणि ग्राहकांची यादी, बिलं एक्सेलमध्ये बाहेर काढता येतात का, हे दोन-चार खोटी बिलं करून आधीच तपासा. माझ्या ओळखीच्या एका किराणावाल्याची तीन वर्षांची उधारी बंद पडलेल्या ॲपमध्ये अडकलीय. बिचारा आठवेल तशी वहीत उतरवतोय, आणि गिऱ्हाइकांना मात्र नेमकं काहीच आठवत नाही.